जुन्या ग्रंथांच्या वाटेवर : लेखांक ७ – पहिली आवृत्ती कशी ओळखायची?

१८४६ साली लंडनच्या एलॉट अँड जोन्स या प्रकाशकांनी करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या तिघांच्या कवितांचे एक लहानसे पुस्तक काढले. हे तिघे बेल म्हणजे यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावच्या शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या ब्राँटे भगिनी. छपाईचा खर्च त्यांनी स्वतःच सोसला होता. हजार प्रती छापल्या आणि वर्षभरात दोन खपल्या. पुढे १८४७च्या ऑक्टोबरात शार्लटची ‘जेन एअर’ आली आणि गाजली. तेव्हा तिच्या प्रकाशकांनी, स्मिथ, एल्डर कंपनीने, कवितांच्या पडून राहिलेल्या नऊशेहून अधिक प्रतींचे छापील फर्मे विकत घेतले आणि १८४८ मध्ये पुन्हा विक्रीला आणले. फर्मे तेच होते, त्यामुळे छपाईच्या चुकाही त्याच राहिल्या. नवे होते ते शीर्षकपान. त्यावर नव्या प्रकाशकाचे नाव आले. साल मात्र १८४६च राहिले.

या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर केवळ सालावरून काहीच कळणार नाही. पण एक प्रत तिन्ही बहिणींना कोणी ओळखत नव्हते तेव्हाची आहे आणि दुसरी लंडनभर करर बेल कोण याची चर्चा चालू होती तेव्हाची. संग्राहक पहिलीसाठी कितीतरी पट अधिक पैसे मोजतात, आणि माझ्या मते ते योग्यच करतात. मागच्या लेखांकात आपण कागद आणि खिळे पाहिले. आज व्हिक्टोरियन कथा-कादंबऱ्यांची पहिली आवृत्ती ओळखायची कशी ते पाहू. पहिल्या आवृत्तीची कसोटी साल नव्हे, किंमत तर नाहीच. पुस्तक वाचकाच्या हाती पहिल्यांदा ज्या रूपात पडले, ते रूप म्हणजे पहिली आवृत्ती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते रूप बहुतेक वेळा आपण समजतो तसे ‘पुस्तक’ नव्हतेच.

डिकन्सचा ‘पिकविक पेपर्स’ पाहा. एप्रिल १८३६ ते नोव्हेंबर १८३७ या काळात चॅपमन अँड हॉल यांनी तो महिन्याला एक अंक असा काढला. अंकाची किंमत एक शिलिंग. पातळ हिरवट कागदाचे वेष्टन, आत मजकूर, चित्रे आणि पुढेमागे जाहिरातींची पाने. सुरुवातीला काहीशे प्रतींचा हा व्यवहार होता. चित्रकार रॉबर्ट सीमोरने दुसरा अंक निघण्याआधीच आत्महत्या केली. तिसऱ्या अंकाची चित्रे रॉबर्ट बसने काढली, ती पसंत पडली नाहीत, आणि हॅब्लॉट ब्राऊन, म्हणजेच ‘फिझ’, हा तरुण पुढे आला. मग सॅम वेलर हे पात्र कथेत अवतरले आणि खप वाढत वाढत चाळीस हजारांवर गेला. जून १८३७ मध्ये अंक निघालाच नाही, कारण डिकन्सची लाडकी मेहुणी मेरी होगार्थ मे महिन्यात वारली होती.

आता संग्राहकापुढची अडचण लक्षात येईल. शेवटचे अंक हजारोंनी निघाले, पहिले अंक मूठभर. मागणी वाढल्यावर प्रकाशकांनी सुरुवातीचे अंक पुन्हा छापले, चित्रांच्या घासलेल्या पटांच्या जागी नवे पट कोरले, बसची दोन चित्रे काढून तिथे फिझची घातली. सुरुवातीच्या प्रतींत चित्रमय शीर्षकपानावरच्या खाणावळीच्या पाटीवर ‘व्हेलर’ असे नाव आहे; पुढे ते ‘वेलर’ झाले. म्हणून अंकांचा संपूर्ण संच समोर आला तरी प्रत्येक अंक वेगळा तपासावा लागतो: वेष्टन कोणते, जाहिराती कोणत्या, तिसऱ्या अंकात बस आहे की नाही. जॉन एकेल यांनी १९२८ मध्ये एवढ्या एकाच विषयावर एक पुस्तक लिहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९२९ मध्ये, संगीतकार जेरोम कर्न यांचा संग्रह न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाला आणि त्यांच्या ‘पिकविक’च्या अंकांना २८,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला, आणि ती किंमत पुढे कित्येक वर्षे दंतकथेसारखी सांगितली गेली.

या किमतींमुळे एक वाईट प्रथाही पडली. एका संचाचे वेष्टन काढायचे, दुसऱ्यातल्या जाहिराती घ्यायच्या, तिसऱ्यातली चित्रे, आणि त्यांतून एक ‘निर्दोष’ संच उभा करायचा. असा संच दिसायला सुंदर असतो. पण तो १८३६-३७ मधल्या कोणत्याही वाचकाच्या घरी कधीच नव्हता. त्यापेक्षा दोन अंक उशिराच्या छपाईचे आणि एका वेष्टनाचा कोपरा फाटलेला, पण महिन्यामागून महिना एकाच घरात जमलेला संच मी शंभरदा पसंत करीन. बांधलेल्या खंडातही हा इतिहास दिसतो. मासिक अंक कडेने सुईने भोसकून शिवत. बांधलेल्या ‘पिकविक’च्या आतल्या समासात ती बारीक भोके दिसली, की हा खंड घरी जमवलेल्या अंकांचा बांधून घेतला आहे हे समजते.

कादंबरी वाचकाकडे जाण्याचा दुसरा राजमार्ग म्हणजे तीन खंड. साडेएकतीस शिलिंग ही तिची ठरलेली किंमत शतकाच्या मध्यास शेतमजुराच्या दोन आठवड्यांच्या मजुरीहूनही अधिक होती. म्हणून कादंबरी विकत फारसे कोणी घेत नसे. चार्ल्स एडवर्ड मूडीच्या वाचनालयातून वर्षाला एक गिनी भरून ती घरी येई. तीन खंड असल्यामुळे एकच कादंबरी एका वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरू शके. मूडीने किती प्रती घेतल्या यावर प्रकाशकाचे गणित ठरत असे. एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ डिसेंबर १८४७ मध्ये न्यूबी या प्रकाशकाने काढली ती अशीच तीन खंडांत. तिचे दोन खंड आणि तिसरा अ‍ॅनच्या ‘अ‍ॅग्नेस ग्रे’चा. १८९४ मध्ये मूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन वाचनालयांनी एका खंडाला चार शिलिंगांहून जास्त देणार नाही असे जाहीर केले आणि तीन-चार वर्षांत हा साचा संपला.

त्यामुळे तीन खंडांच्या पहिल्या आवृत्तीच्या आज मिळणाऱ्या प्रतींपैकी बऱ्याच वाचनालयात झिजलेल्या असतात. मुखपृष्ठावर मूडीची चिठ्ठी असते. पूर्वीचे विक्रेते ती ओली करून सोलून काढत, आणि कापडावर कायमचा डाग उरे. कृपा करून असे करू नका. ती चिठ्ठी म्हणजे पुस्तक वाचकापर्यंत कसे पोहोचले याचा पुरावा आहे. उलट जे श्रीमंत घरात गेले ते पुस्तक मालकाने सोनेरी ठशांच्या चामड्यात बांधून घेतले. तसे करताना प्रकाशकाची मूळ कापडी बांधणी गेली, पाने कापून समास लहान झाले, शेवटच्या जाहिराती फेकल्या गेल्या. आपल्याकडे चामड्याची बांधणी पाहून लोक भारावतात. संग्राहक फिकट, मळका, पण मूळचा कापडी पुठ्ठा शोधतो.

ही दृष्टी दिली ती मुख्यतः मायकेल सॅडलेअर यांनी. स्वतः प्रकाशक, कादंबरीकार आणि ट्रोलपचे चरित्रकार. कोणी विचारीत नसलेल्या दुय्यम लेखकांच्या कादंबऱ्या त्यांनी मूळ बांधणीत जमवल्या, रेल्वे स्टेशनवर दोन शिलिंगांना विकल्या जाणाऱ्या पिवळ्या पुठ्ठ्यांच्या स्वस्त पुस्तकांनाही तेवढाच मान दिला, आणि १९५१ मध्ये दोन खंडांची सूची छापली. ती आजही या क्षेत्राचा पाया आहे. त्यांचा संग्रह लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. अमेरिकेतले मॉरिस पॅरिश यांचा संग्रह प्रिन्स्टनला गेला. ते प्रतीच्या ताजेपणाबद्दल इतके काटेकोर होते, की विक्रेत्यांच्या बोलीत उत्तम प्रतीला ‘पॅरिशच्या तोडीची’ म्हणू लागले.

खुणांवरचा वाद कधी कधी अतिरेकालाही जातो. ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी सहा हजार प्रतींत निघाले. किंमत पाच शिलिंग, आत जॉन लीचची हाताने रंगवलेली चार चित्रे. नाताळच्या आत सगळ्या प्रती खपल्या, तरी सजावटीच्या खर्चामुळे हजार पौंडांची आशा धरलेल्या डिकन्सच्या हाती २३० पौंडच आले. याच्या काही प्रतींत पुठ्ठ्याच्या आतला कागद हिरवा आहे, काहींत पिवळा. आधीचा कोणता, यावर कित्येक वर्षे भांडणे झाली. घाईत जे हाती आले ते लावले गेले असणार, हे मला अधिक पटते. स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’चे उदाहरण मात्र स्वच्छ आहे. पुस्तक १८८५च्या नाताळासाठी तयार होते, पण ते जानेवारीपर्यंत थांबवले गेले. एक शिलिंगाच्या त्या प्रतींच्या कागदी वेष्टनावर छापलेले ८५ साल शाईने ८६ केलेले आहे. अशी खूण पुस्तकाच्या जन्माची हकीकतच सांगते.

जे रूप वाचकाच्या हाती कधी गेलेच नाही ते निर्माण करणारा माणूसही याच काळात होऊन गेला. टॉमस जेम्स वाइज हा लंडनमधला सर्वांत मोठा संग्राहक आणि सूचीकार. तो १९२२ पासून दोन वर्षे ग्रंथसूची-अभ्यासकांच्या ब्रिटिश संस्थेचा अध्यक्षही होता. त्याने प्रसिद्ध केलेल्या शोधांत एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची एक पुस्तिका होती. ‘रेडिंग, १८४७’ असा तिच्यावर छाप, म्हणजे ही सुनीते प्रथम ज्या संग्रहात आली असे सारे मानत होते त्या १८५०च्या संग्रहाच्याही तीन वर्षे आधीची. किंमत भराभर चढली. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांना शंका आली. अशा पुस्तिकांच्या इतक्या प्रती कोऱ्या करकरीत कशा? एकीवरही कवयित्रीने कोणाला भेट दिल्याची ओळ कशी नाही? त्यांनी कागद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. १८४७ मध्ये इंग्लंडात कागद चिंध्यांपासून होत असे. एस्पार्टो गवत आले १८६१ नंतर आणि रासायनिक लाकडी लगदा १८७४ नंतर. ‘१८४७’च्या पुस्तिकेत लाकडाचा लगदा निघाला. खिळ्यांतली ‘एफ’ आणि ‘जे’ ही अक्षरेही १८८० नंतरच्या वळणाची. खिळ्यांचा माग रिचर्ड क्ले यांच्या छापखान्यापर्यंत पोचला, आणि याच छापखान्यातून वाइज एका साहित्यसंस्थेच्या पुस्तिका छापून घेत असे.

१९३४ मध्ये कार्टर आणि पोलार्ड यांचे पुस्तक निघाले. त्यात वाइजवर थेट आरोप नव्हता, पण वाचणाऱ्याला तो कळत होता. वाइजने कधी कबुली दिली नाही. तो १९३७ मध्ये वारला आणि त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने ६६,००० पौंडांना घेतला. त्याच म्युझियममधल्या जुन्या नाटकांची पाने फाडून त्याने स्वतःच्या प्रती पूर्ण केल्या होत्या, हे पुढे डेव्हिड फॉक्सन यांनी उघड केले. या प्रकरणाकडे केवळ चोरीची सुरस कथा म्हणून पाहू नये. कार्टर-पोलार्डनंतर कागद आणि खिळे तपासल्याशिवाय कोणतीही ‘अज्ञात पहिली आवृत्ती’ मान्य होत नाही, आणि ती शिस्त आपण सर्वांनी पाळायला हवी.

आता आपल्याकडे. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात डिकन्स, थॅकरे, हार्डी भरपूर दिसतात, पण त्यांतली बहुतेक पुस्तके वसाहतींसाठी स्वतंत्र छापलेल्या आवृत्त्यांची असतात. मॅकमिलनने अशी माला १८८६ मध्ये सुरू केली. त्या पहिल्या आवृत्त्या नव्हेत, तरी जमवण्याजोग्या आहेत, कारण त्यांच्यातून इथल्या वाचकाचा इतिहास दिसतो.

आणि एका लेखकाच्या बाबतीत पहिली आवृत्ती लंडनची नाहीच, ती आपल्या रेल्वे स्टेशनवरची आहे. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगच्या कथांची सहा पुस्तके १८८८ मध्ये अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या मालेत काढली. किंमत एक रुपया. आपण ज्या व्हीलरच्या स्टॉलवरून मासिके घेत आलो, तीच ही कंपनी. करड्या-हिरवट कागदी मुखपृष्ठांवरची चित्ररचना रडयार्डचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांची. लाहोरला जाण्यापूर्वी ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवीत, आणि क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पे त्यांच्या देखरेखीखाली घडली. लंडनची आवृत्ती १८९० मध्ये आली. गाडीत वाचून टाकून देण्यासाठीचा हा ठिसूळ कागद आपल्या पावसाळ्यात, कसर आणि वाळवीच्या तावडीत फार थोडा वाचला.

तुमच्या घरच्या जुन्या कपाटात, एखाद्या वकील आजोबांच्या किंवा रेल्वेतल्या पणजोबांच्या पुस्तकांत, व्हीलरचे असे कागदी पुस्तक असेल तर ते बाइंडरकडे देऊ नका. त्याला चिकटपट्टी लावू नका, मुखपृष्ठ फाडू नका, आत लिहिलेले नाव खोडू नका. आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी आडवे ठेवा आणि मला वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या आठवड्यात बर्नार्ड क्वारिच यांनी १८५९ मध्ये काढलेल्या फिट्झजेराल्डच्या उमर खय्यामविषयी. छापल्या २५० प्रती, किंमत ठेवली एक शिलिंग, आणि शेवटी त्या दुकानाबाहेरच्या पेनी-पेनीच्या पेटीत जाऊन पडल्या.