ऑर्डर ऑफ द कॉइफ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विधिपदवीधरांची गुणगौरव-संस्था. तिचे सदस्यत्व अर्ज करून मिळत नाही; ज्या विधिमहाविद्यालयांत संस्थेची शाखा आहे, तेथील पदवीधरांपैकी गुणानुक्रमे पहिल्या १० टक्क्यांतून निवड होते. संस्था विसाव्या शतकातील असली, तरी तिचे नाव इंग्लंडमधील एका मध्ययुगीन वकीलवर्गावरून आले आहे.

‘कॉइफ’ म्हणजे डोक्याला घट्ट बसणारी, पांढऱ्या तलम कापडाची टोपी. ‘सार्जंट-ॲट-लॉ’ या श्रेष्ठ श्रेणीतील वकिलांची ती खूण होती. राजासमोरही ती उतरविण्याचे बंधन त्यांच्यावर नसे. पुढे कृत्रिम केसांच्या टोपाची चाल पडली, तेव्हा त्या टोपावरील लहानसा वाटोळा तुकडा तेवढा तिची आठवण म्हणून उरला. सार्जंटाची नेमणूक राजाच्या आज्ञापत्राने होई. त्या प्रसंगी त्याने मेजवानी द्यावी व राजा, न्यायाधीश इत्यादींना बोधवचन कोरलेल्या सोन्याच्या अंगठ्या द्याव्यात, असा खर्चिक रिवाज होता. कॉमन लॉ न्यायालयांचे न्यायाधीश याच वर्गातील असत व सार्जंटांना ‘बंधू’ म्हणून संबोधीत. उत्तरकाळात ही अट नाममात्र राहिली. ज्याला न्यायाधीश करावयाचे, त्याला आधी सार्जंट करून घेत.

या मानाला मक्तेदारीची जोड होती. खाजगी व्यक्तींमधील दावे चालविणाऱ्या ‘कोर्ट ऑफ कॉमन प्लीज’मध्ये केवळ सार्जंटच युक्तिवाद करू शकत, त्यामुळे पक्षकाराला या मोजक्या वकिलांवाचून गत्यंतर नसे. १८३४ मधील राजाज्ञेने हा अधिकार काढण्याचा प्रयत्न झाला, पण ती आज्ञा बेकायदा ठरली. अखेर १८४६ च्या अधिनियमाने तो संपुष्टात आला. न्यायाधीशपदासाठीची अट १८७३ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाने रद्द केली. १८७५ मध्ये नेमलेले नाथॅन्येल लिंडली हे इंग्लंडमधील अखेरचे सार्जंट. या वर्गाची वास्तू ‘सार्जंट्स इन’ १८७७ मध्ये विकण्यात आली व आलेला पैसा सदस्यांनी आपसांत वाटून घेतला. त्यावर टीका झाली व ती अस्थानी नव्हती.

लिंडली १९२१ पर्यंत हयात होते. त्यांच्या हयातीतच, १९०२ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात ‘थीटा कॅप्पा न्यू’ ही विधिविद्यार्थ्यांची संस्था निघाली. तिच्यातूनच पुढे ऑर्डर ऑफ द कॉइफ आकारास आली. जुन्या वर्गाचे नाव तिने घेतले, विशेषाधिकार मात्र आले नाहीत. सदस्यास न्यायालयात कोणताही वेगळा हक्क मिळत नाही. नामवंत विधिज्ञांना सन्माननीय सदस्यत्व आणि विधिविषयक ग्रंथाला पारितोषिक देण्याची प्रथाही संस्थेत आहे.