युद्धाने समाजाचे काय केले, हे कसे नोंदवायचे? कंबोडियाचा धडा

बौद्ध देशांची यादी सांगताना आपण श्रीलंका, थायलंड, म्यानमार यांच्याबरोबर कंबोडियाचे नाव घेतो. अंगकोर वाटचे फोटो तर आपण एकमेकांना पाठवतही असतो. पण याच देशात पन्नास वर्षांपूर्वी भिक्खूंना चीवर उतरवायला लावले गेले आणि अनेक विहारांची कोठारे, कैदखाने झाले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? हा इतिहास आज पुराव्यानिशी सांगता येतो, कारण तिथल्या लोकांनी तो चिकाटीने गोळा केला. ते काम कसे झाले, हे प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

थोडक्यात घटनाक्रम

व्हिएतनाम युद्धाची झळ शेजारच्या कंबोडियाला बसली. १९६९ पासून अमेरिकेने तिथे गुप्तपणे मोठे बॉम्बहल्ले सुरू केले, ते ऑगस्ट १९७३ पर्यंत चालले. १९७० मध्ये लॉन नोल यांनी सत्ता घेतली आणि देश यादवी युद्धात सापडला. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन ताब्यात घेतली आणि शहरातील सर्व लोकांना खेड्यांकडे हाकलले. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने ही राजवट उलथली. तोपर्यंत सुमारे ८० लाखांच्या देशात १५ ते २० लाख माणसे उपासमार, आजार, अतिश्रम आणि कत्तलींत मेली होती. त्यानंतरही लढाया नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत धुमसत राहिल्या.

पुरावा तीन ठिकाणी असतो

१९९५ मध्ये कंबोडियाच्या दस्तऐवज केंद्राचे काम सुरू झाले. सुरुवातीला ते येल विद्यापीठाच्या प्रकल्पाची शाखा होते, १९९७ मध्ये स्वतंत्र झाले. त्याचे प्रमुख युक छांग हे स्वतः त्या राजवटीतून वाचलेले. या केंद्राचे काम पाहिले की पुराव्याचे तीन प्रवाह दिसतात.

पहिला, अत्याचार करणाऱ्यांचेच कागद. नॉम पेनमधील एका शाळेचा एस-२१ हा तुरुंग केला गेला. तोच आजचा तुओल स्लेंग. तिथे आलेल्या कैद्यांचे फोटो काढले जात आणि छळ करून कबुलीजबाब लिहून घेतले जात. आपण परदेशी हेर आहोत, असे शेतकऱ्यांकडून आणि शिक्षकांकडून वदवून घेतले गेले. या कबुल्यांतील मजकूर खरा मानता येत नाही. पण कैद्याचे नाव, अटकेची तारीख आणि समासातील अधिकाऱ्यांचे शेरे यावरून हुकूम कोणाचा होता, ते कळते. म्हणून कागद हाती आला की तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या दबावाखाली लिहिला, हे आधी विचारायचे.

दुसरा, जमीन. केंद्राच्या पथकांनी गावोगाव जाऊन सुमारे २० हजार सामूहिक दफनाचे खड्डे आणि १९० हून अधिक तुरुंग नकाशावर नोंदवले. अनेक जागा गावकऱ्यांनीच दाखवल्या.

तिसरा, माणसांच्या साक्षी. पीडितांच्या जशा घेतल्या, तशा खालच्या पातळीवर राजवटीसाठी काम केलेल्यांच्याही घेतल्या. अनेक गावांत हे दोघे आजही शेजारी राहतात. त्यामुळे साक्ष घेताना माणसाची सुरक्षितता आणि त्याची संमती याला पर्याय नाही.

मृतांच्या आकड्यापलीकडे

समाजशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढचा आहे: जे जगले, त्यांचे एकमेकांशी असलेले नाते काय झाले? ख्मेर रूजने लोकांची ‘मूळ लोक’ आणि शहरांतून आलेले ‘नवे लोक’ अशी विभागणी केली. अन्न, काम आणि संशय, सगळे या शिक्क्यावर ठरे. सामूहिक भोजनगृहे सुरू करून घरातली चूल बंद केली. मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवले.

लग्नेही ‘अंगकार’ म्हणजे संघटना ठरवू लागली. अनोळखी स्त्री-पुरुषांची एकाच वेळी अनेक जोडपी उभी करून लग्ने लावली जात. बराच काळ हा विषय खासगी समजला गेला. पीडितांनी आणि त्यांच्या वकिलांनी आग्रह धरला, म्हणून तो खटल्यात आला. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या विशेष न्यायालयाने सक्तीचे विवाह हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला. साक्षी नोंदल्या नसत्या तर निकालात हा शब्दही आला नसता.

भिक्खू संघाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. १९७६ च्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्य लिहिलेले होते. पण लगेच पुढे ‘प्रतिगामी’ धर्मांवर बंदी होती. प्रत्यक्षात भिक्खूंना शेतमजुरीला जुंपले, विरोध करणाऱ्यांना मारले, ग्रंथ नष्ट केले. १९७९ मध्ये व्हिएतनामहून आलेल्या थेरवादी भिक्खूंकडून मोजक्या जणांना पुन्हा उपसंपदा द्यावी लागली. पुढे १९८० च्या दशकात बराच काळ तरुणांना भिक्खू होण्याची मोकळीक नव्हती. विहाराच्या भिंती पुन्हा बांधता येतात, पण गुरू-शिष्यांची तुटलेली साखळी सांधायला पिढ्या लागतात.

ती सांधणाऱ्यांत भदंत महाघोसानंद यांचे नाव पुढे येते. त्यांनी नालंदा येथे अध्ययन केले होते. युद्धकाळात ते देशाबाहेर असल्याने वाचले, निर्वासितांच्या छावण्यांत गेले आणि १९९२ मध्ये थायलंडच्या सीमेपासून नॉम पेनपर्यंत धम्मयात्रा काढली.

नोंदीची चौकट कोण आखतो?

इथे चिकित्सकही राहायला हवे. विशेष न्यायालयाला फक्त १७ एप्रिल १९७५ ते ६ जानेवारी १९७९ या काळातील गुन्ह्यांचाच अधिकार होता. त्यामुळे आधीचे अमेरिकी बॉम्बहल्ले आणि नंतरची वर्षे आपोआप खटल्याबाहेर राहिली. १९९४ मध्ये अमेरिकेने ज्या कायद्याने या संशोधनाला पैसा दिला, त्याची चौकटही याच काळाची होती. चौकट आखणारा काय दिसेल हे ठरवतो, तसेच काय दिसणार नाही हेही ठरवतो.

आकड्यांचेही तसेच. बेन किर्नन आणि टेलर ओवेन या संशोधकांनी २००६ मध्ये कंबोडियावर २७ लाख टनांहून अधिक बॉम्ब पडल्याचे लिहिले. माहिती पुन्हा तपासल्यावर त्यांनीच तो आकडा सुमारे ५ लाख टनांवर आणला. त्याने बॉम्बहल्ल्यांचे गांभीर्य कमी झाले नाही आणि पुढच्या टीकाकाराचे तोंड आधीच बंद झाले. फुगवलेला आकडा पीडितांचेच नुकसान करतो.

आपण काय घ्यावे?

कंबोडियात शालेय पुस्तकांत हा काळ वर्षानुवर्षे जेमतेम काही ओळींत होता. २००७ मध्ये दस्तऐवज केंद्राने विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पुस्तक काढले. जमवलेले कागद, नकाशे आणि साक्षी हाताशी होत्या म्हणूनच ते शक्य झाले.

सत्यशोधन समित्यांत जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसाठी यात थेट शिकण्यासारखे आहे. साक्ष देणाऱ्याच्या शब्दांतच लिहा, तारीख आणि ठिकाण नोंदवा. त्याची परवानगी घ्या, नाव लपवायचे असेल तर लपवा. विरोधी बाजूचे कागदही जपा. एका साक्षीवर थांबू नका. ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वेगळ्या ठेवा. मूळ प्रत एकाच माणसाच्या फोनमध्ये ठेवू नका.

आणि उशीर करू नका. ज्यांनी १९७५ मध्ये तारुण्यात हे सोसले, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. एक साक्षीदार गेला की त्याच्याबरोबर एका गावाचा इतिहास जातो.