शांततेच्या वाटा (६) : आकडा, तारीख आणि देखरेख

मागच्या लेखात आपण लवाद आणि मध्यस्थी यांतला फरक पाहिला. लवाद निवाडा देतो. मध्यस्थाला तो अधिकार नसतो, हाताशी फौजही नसते. मग तो युद्ध थांबवतो कसा? इंडोनेशियातल्या आचे प्रांतात याचं उत्तर सापडतं.

सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरच्या या प्रांतात १९७६ साली हसन दि तिरो यांनी स्वातंत्र्यासाठी ‘मुक्त आचे चळवळ’ उभी केली. इथल्या नैसर्गिक वायूचा पैसा जाकार्ताला जातो, ही सल होतीच. लष्करी अत्याचारांनी आगीत तेल ओतलं. सुमारे १५,००० माणसं मेली. २००२ मध्ये युद्धबंदी झाली, पण मूळ प्रश्न तसाच ठेवून. काही महिन्यांत ती मोडली.

डिसेंबर २००४च्या त्सुनामीनं आचे उद्ध्वस्त झालं आणि महिन्याभरातच हेलसिंकीत बोलणी सुरू झाली. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी अध्यक्ष मार्टी अहतिसारी. त्यांनी दोन अटी घातल्या. चर्चा इंडोनेशियाअंतर्गत स्वशासनाची होईल, स्वातंत्र्याची नाही. आणि सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलं असं मानायचं नाही. त्यामुळे सोपं उरकून अवघड ते लांबणीवर टाकायला जागाच उरली नाही. चळवळीनं स्वातंत्र्याची मागणी सोडली, सरकारनं आचेपुरते राजकीय पक्ष मान्य केले. पाच फेऱ्यांनंतर १५ ऑगस्ट २००५ रोजी सह्या झाल्या.

करारातली कलमं बारकाईनं वाचण्यासारखी आहेत. चळवळीनं ८४० शस्त्रं द्यायची, तीही चार टप्प्यांत, वर्षअखेरपर्यंत. त्याच टप्प्यांनी सरकारनं जादा सैन्य हलवायचं. तेल-वायूच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा आचेला. देखरेखीला युरोपीय संघ आणि आसिआनच्या पाच देशांचे निरीक्षक. प्रत्येक बंदूक तपासली जाई आणि लोकांसमोर कापली जाई. त्सुनामी आली तेव्हा तुरुंगात असलेले बंडखोर नेते इरवंडी युसूफ डिसेंबर २००६ मध्ये निवडणूक जिंकून गव्हर्नर झाले.

हे सगळं त्सुनामीनं घडवलं, असं म्हणता येत नाही. त्याच लाटेनं श्रीलंकेलाही झोडपलं. तिथे सरकार आणि तमिळ बंडखोरांच्या युद्धात नॉर्वे मध्यस्थ होता, युद्धबंदीवर निरीक्षकही होते. पण मूळ वादावर तोडगा निघाला नाही, मदतवाटपाचा संयुक्त करारही अमलात आला नाही. शेवट २००९ मध्ये रणांगणावरच झाला.

आचेच्या करारातही एक मोठी उणीव राहिली. मानवी हक्क न्यायालय आणि सत्यशोधन आयोग स्थापन होतील, एवढंच त्यात लिहिलं. कधी, ते नाही. आयोगाचे सदस्य नेमायलाच २०१६ उजाडलं. बंदुका मोजून घेतल्या गेल्या, पण ज्यांची माणसं गायब झाली त्यांना वर्षानुवर्षं ताटकळावं लागलं. म्हणूनच मध्यस्थाची कसोटी सह्यांच्या समारंभात लागत नाही. दुबळ्यांना दिलेल्या वचनालाही आकडा, तारीख आणि देखरेख मिळवून देणं, हे त्याचं सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचं काम आहे.

(पुढील लेखात : मोझांबिकचं यादवी युद्ध आणि रोममधल्या वाटाघाटी)