आदर्श नगराचे स्वप्न आणि दोन पडदे

उमरखेडहून शिक्षणासाठी वा दवाखान्यासाठी नांदेडला जाणाऱ्यांच्या लेखी ‘सिडको’ हे एका वसाहतीचे नाव आहे. एखाद्या जुन्या गावाच्या नावासारखे ते तोंडी रुळून गेले आहे. वस्तुतः हे एका शासकीय महामंडळाचे नाव होय. मुंबईच्या खाडीपलीकडे एक संपूर्ण नवे शहर वसविण्यासाठी ते मार्च १९७० मध्ये स्थापन झाले, आणि त्या वेळी राज्याच्या मुख्यमंत्रिपदी आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते. नांदेडची वसाहत ही त्याच महामंडळाची पुढची शाखा. तेव्हा आधुनिक वास्तुरचनेने पाहिलेले आदर्श नगराचे स्वप्न, त्याचा झालेला भंग आणि त्यावर चित्रकारांनी दिलेली साक्ष हा विषय केवळ मुंबईकरांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही.

या स्वप्नाचा आरंभ महामंडळाच्याही आधीचा. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता या तिघांनी मुंबईची वाढ उत्तरेकडे न होता पूर्वेकडे, खाडीपलीकडे व्हावी, अशी योजना १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. चंडीगड नुकतेच उभे राहिले होते. घर सुधारले की माणसाचे जीवन सुधारेल, नकाशा न्याय्य असला की समाजही न्याय्य होईल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. आज या श्रद्धेची टिंगल करणे सोपे आहे. परंतु फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या पाहिलेल्या देशाला घराचे स्वप्न पडू नये, तर कोणाला पडावे?

कराचीत १९४६ साली जन्मलेल्या आणि फाळणीमुळे कुटुंबासह इकडे आलेल्या नलिनी मलानी या चित्रकर्तीला ते पडले. त्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी. १९६९ मध्ये ज्येष्ठ चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू शिष्यवृत्तीच्या रकमेतून मुंबईत एक कार्यशाळा उघडली आणि तेथे चित्रकारांच्या हाती चलच्चित्रणाची साधने दिली. मलानींनी घरांची एक लहान प्रतिकृती रचली आणि रंगीत प्रकाशात एकेक चौकट टिपीत ‘ड्रीम हाउसेस’ हा छोटा चित्रपट तयार केला. लाल, पिवळे, निळे आकार एकमेकांत मिसळतात, उलगडतात. भिंती जणू वजनरहित होतात. कोरियांच्या विचारांचा आणि युरोपातील बाउहाउस परंपरेच्या रंगविचाराचा ठसा त्यावर स्पष्ट आहे. माणूस मात्र त्यात कोठेही नाही.

माणूस आला तो सात वर्षांनी. १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या काळात, त्यांनी दुसरा चित्रपट केला. तो कृष्णधवल आहे. एक तरुणी मुंबईच्या नगरदृश्याकडे, तेथील झोपडवस्तीकडे पाहत उभी आहे, एवढाच त्याचा विषय. हे दोन्ही चित्रपट शेजारीशेजारी दोन पडद्यांवर दाखविले जातात व त्या जोडकृतीचे नाव ‘युटोपिया’ असे आहे. टॉमस मूरने १५१६ मध्ये हा शब्द घडविला, तेव्हाच ‘कोठेही नसलेले ठिकाण’ हा अर्थ त्यात गोवून ठेवला होता. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०१७ मध्ये मलानींच्या कार्याचे सिंहावलोकन मांडले, तेव्हा त्याचा आरंभ १९६९ या वर्षापासूनच धरला होता.

या कृतीचे खरे मोल तिच्या मांडणीत आहे. कृष्णधवल चित्रपट नंतर आला, म्हणून रंगीत चित्रपट रद्द झाला, असे मलानी म्हणत नाहीत. दोन्ही पडदे एकाच वेळी उजळलेले असतात. तरुणी उदास आहे. परंतु तिचे औदासीन्य आपणांस कळते ते शेजारच्या रंगांमुळेच. जिने स्वप्न पाहिलेच नाही तिला भंगाचे दुःख कोठून व्हावे? स्वतःच्या उमेदीतील कृती पुसून न टाकता तिच्याच शेजारी साक्षीला उभे राहण्याचे धैर्य थोड्या कलावंतांपाशी असते.

पश्चिमेकडे या विषयावर बरीच कला झाली, पण तिचा रोख बहुधा निराळा आहे. अमेरिकेतील सेंट लुइस येथे प्रुइट-आयगो ही तेहतीस इमारतींची सरकारी वसाहत १९७२ पासून सुरुंग लावून पाडण्यात आली. चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने तोच आधुनिक वास्तुकलेचा मृत्युक्षण ठरवून टाकला. तेव्हापासून कोसळणाऱ्या इमारतीचे चित्र कलावंतांना मोहवीत आले आहे. त्या धुराळ्यात एक सौंदर्य आहे, हे मान्य. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष, की नियोजन हाच मुळात अपराध होता, तो जमिनीच्या व्यापाऱ्यांना फारच सोयीचा आहे.

आपल्याकडे इमारती कोसळल्या नाहीत, वचने कोसळली. राज्याचा कारभार खाडीपलीकडे जावा, हा मूळ योजनेचा कणा होता. सचिवालय जागचे हलले नाही आणि नरिमन पॉइंटला भराव टाकून नव्या कचेऱ्या उठल्या. वाशीला रेल्वे पोचावयास १९९२ साल उजाडले. ९५ गावांच्या जमिनी मात्र विनाविलंब संपादनाच्या कक्षेत आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच आंदोलक ठार झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना ही त्या रक्ताची किंमत. प्रतिकृतीत माणूस नव्हता, हे चित्रकर्तीला कळले. ते कारभाऱ्यांना कळावयास गोळीबार व्हावा लागला.

कोरियांना ते अंशतः कळले असावे. बेलापूरच्या ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’मध्ये त्यांनी सात-सात घरे एकेका अंगणाभोवती रचली व कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर वाढवावे, हा हेतू. रहिवाशांनी ते इतके वाढविले की अनेक मूळ घरे आता ओळखू येत नाहीत. जाणकार यावर हळहळतात. मला ते वास्तुकाराचे यश वाटते.

मलानींच्या कृतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिच्यातील तरुणी पाहते. तिच्या नजरेच्या पलीकडे राहणाऱ्यांचा हात या कृतीला लागलेला नाही. तो लागलेला पाहावयाचा तर चंडीगडला जावे. तेथे नेकचंद नावाचे सार्वजनिक बांधकाम खात्यातील एक रस्ते-निरीक्षक होते. नव्या शहरासाठी जी खेडी उठविली गेली, त्यांच्या ढिगाऱ्यांतील दगड, फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे कचेरी सुटल्यावर ते सायकलवरून रानात नेत आणि त्यांतून माणसे, प्राणी, पक्षी घडवीत. सरकारी जागेवरचा हा उद्योग वर्षानुवर्षे गुप्तपणे चालला होता. तो उघडकीस आल्यावर पाडण्याचीही भाषा झाली. अखेर १९७६ मध्ये, मलानींचा दुसरा चित्रपट झाला त्याच वर्षी, ते ‘रॉक गार्डन’ लोकांसाठी खुले करण्यात आले. ल कॉर्ब्युझिएच्या सरळ रेषांच्या शहरात आज प्रवासी तिकीट काढून जातात ते या वाकड्यातिकड्या वाटांवर, आणि तेथील भिंतीत बसविलेल्या कपबशीच्या तुकड्यापाशी थांबतात. ती कपबशी कोणत्या गावच्या कोणत्या घरातील, याची पाटी तेथे नाही.