नाड्याखालची जखम

धायरी फाट्याजवळ राहणाऱ्या आमच्या एका खालांनी कमरेवरची जखम वर्षभर कुणाला दाखवली नाही. शलवारच्या नाड्याचा वळ असेल म्हणून त्या मेडिकलमधून मलम आणत राहिल्या. सुनेने हट्ट धरला तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्या. डॉक्टरांनी मलम दिलेच नाही. जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला.

"नाड्याने कधी कॅन्सर होतो का?" खालांनी आम्हाला विचारले.

क्वचित होतो, पण होतो. १९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कमरेला घट्ट धोतर बांधणाऱ्यांमधील या कॅन्सरची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची उदाहरणे छापली. एकीच्या परकराची नाडी घट्ट, दुसरी अनेक वर्षे लुगडे कसून नेसणारी. रोजच्या घासण्याने कातडी आधी काळवंडते, मग सोलवटते. जखम भरते, पुन्हा फुटते, आणि वर्षानुवर्षांच्या या दुरुस्तीत कधीतरी पेशी बिघडतात.

पुढचे काम सर्जनचे. गाठ दिसते तेवढीच कापून भागत नाही. भोवतालची थोडी निरोगी कातडीही काढावी लागते. कडेला रोग उरला नाही ना, हे पॅथॉलॉजिस्ट पाहतात. जांघेतल्या गाठीही चाचपतात, कारण रोग तिथे पोहोचला तर उपचार मोठा होतो. कमरेवर कातडी मुबलक. नाक-पापणीजवळ मात्र सुताएवढीही जास्त काढणे परवडत नाही. तिथे अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोझ यांनी १९३०च्या दशकात सुरू केलेली पद्धत कामी येते: एक थर काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, तोवर रुग्ण पट्टी बांधून बाहेर बसलेला. रोग दिसला तर त्याच जागी पुढचा थर.

भारतीयांत त्वचेचा कॅन्सर तसा कमी. म्हणूनच तो लक्षात येत नाही. महिनाभरात न भरणारी जखम, तळव्यावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग दाखवलाच पाहिजे. वुजू करताना पाय रोज धुतो आपण, तळवा उलटून किती जण पाहतो?

बाई डॉक्टर हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारावे. ती मिळेपर्यंत महिने मात्र घालवू नयेत. खालांचे वर्ष तसेच गेले.

त्यांच्या तुकड्यात कॅन्सर निघाला, पण जांघेत काही नव्हते. टाके निघाले त्या दुपारी सुनेने सगळ्या शलवारींचे नाडे ओढून काढले आणि रुंद इलॅस्टिक घातले.