एक रविवार पोरांच्या गाण्याचा



गळिताचा हंगाम सुरू झाला की आपल्या घरात दुसरा विषय नसतो. तोड कधी, टोळी कुठे, ट्रॅक्टर कुठे अडकला, एवढेच. अशा ऐन जानेवारीत एका शनिवारी संध्याकाळी चिटबॉयने निरोप आणला, "उद्या सकाळी तुमच्या फडात कोयता लागणार." आणि नेमक्या त्याच रविवारी रत्नागिरीस मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. तिथे सहकुटुंब जायचे आम्ही महिनाभर आधी ठरवले होते.

कारण तसे लहानच, पण आमच्या घरापुरते मोठे. आमची थोरली तिसरीत आहे. घरात दिवसभर गायची. मागच्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात गाता गाता शब्द विसरली, पोरे हसली, आणि त्या दिवसापासून तिने तोंड मिटले ते मिटलेच. घरात गुणगुणणेसुद्धा बंद. तिच्या बाई म्हणाल्या, "रागावू नका, फार समजावूही नका. तिच्याएवढी मुले गातात ती तिला एकदा समोर बसून ऐकू द्या."

आता तोड सोडून जायचे कसे? आडसाली ऊस, दीड वर्ष पोसलेला. तुटलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते आणि उताराही घसरतो, हे आपणास सांगायला नको. मी जाणे रद्द करणारच होतो. पण थोरले बंधू म्हणाले, "फडावर मी उभा राहतो. टोळी काय तुझं तोंड बघून तोडणार हाय का? जा पोरांना घिऊन."

पहाटे अंधारातच मलकापूर गाठले आणि एसटी पकडली. आई पंचाहत्तरीच्या पुढची, तिला तिकीट नाही. सौ.ला अर्धे, दोन्ही पोरांना अर्धे. पुरे तिकीट एकट्या माझे. आई म्हणाली, "एवढ्यांत तूच तेवढा महाग!" आंबा घाटात धुके इतके की गाडीचे दिवे चालूच होते. साखरपा, पाली, हातखंबा करीत नऊच्या सुमारास रत्नागिरीत उतरलो. वेळ होता म्हणून टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर पाहिले. १८५६ साली टिळक जन्मले ते इथे.

कार्यक्रम मारुती मंदिर भागातल्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात होता. निवेदन करणाऱ्या बाईंनी मुलांना कळेल अशी माहिती दिली. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्यांचे 'संन्यस्त खड्ग' हे नाटक मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. पुढे याच दीनानाथांच्या लेकींनी मराठी मुलांना गाणी दिली. १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातले 'नाच रे मोरा' आशाबाईंनी गायले. शब्द आपल्या माणदेशच्या गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची. पु. लं.चे लग्न १९४६ साली रत्नागिरीतच झाले, म्हणजे ते इथले जावईच. मीनाताई खडीकरांनी तर बालगीतांना चाली दिल्या आणि ती आपल्याच मुलांकडून, योगेश आणि रचना यांच्याकडून गाऊन घेतली. मोठ्यांनी मुलांसाठी गायचे, तसे मुलांनीही मुलांसाठी गायचे. हे मला फार आवडले.

स्टेजवर पेटी, तबला आणि पंधरा-वीस पोरे. आमचा धाकटा पहिल्या गाण्यालाच खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटू लागला. थोरली मात्र हाताची घडी घालून गप्प. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला एक लहानशी मुलगी एकटी उभी राहिली. पहिले कडवे झाले आणि दुसऱ्याला ती अडली. शब्दच आठवेना. सगळे नाट्यगृह चिडीचूप. माझ्या पोटात गोळा आला. आता पोरे हसली तर आमच्या पोरीचे काय होणार? पण कुणी हसले नाही. पेटीवाल्या मास्तरांनी घाई केली नाही, सूर तेवढा धरून ठेवला. तबला हळू चालू राहिला. त्या मुलीने एक आवंढा गिळला, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि गाणे पुरे केले. टाळ्या सर्वांत जास्त तिलाच पडल्या.

आमची थोरली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, विसरलं तरी परत म्हणता येतंय?"

मी म्हणालो, "येतंय की." यापेक्षा जास्त काही बोलवले नाही.

पुढचा दिवस खानावळीतले जेवण, ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आणि मांडवीचा समुद्र यांत भुर्रकन गेला. आईने जन्मात पहिल्यांदा समुद्रात पाय बुडवले. परतीच्या एसटीत घाट चढताना दिवे मालवलेले होते. मागच्या सीटवरून बारीक आवाजात गाणे ऐकू आले. आम्ही नवरा-बायकोने मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तर थांबली असती.

घरी पोचलो तेव्हा दोन खेपा कारखान्यावर गेल्या होत्या. माझ्यावाचून काही अडले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरली फडाकडे गेली ती ऊसतोड कामगारांच्या पोरांना गाणे शिकवायला. मध्येच विसरली. एका पोराने तिथे स्वतःचेच दोन शब्द घातले. सगळी हसली आणि तीही हसली.

म्हणून संचालक मंडळास आणि आपणा सर्वांस एक विनंती. हंगाम संपण्यापूर्वी एका सुटीच्या दिवशी कारखान्याच्या आवारात पोरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवावा. सभासदांची, कामगारांची आणि खोपीवरची, सगळी पोरे एका सतरंजीवर बसवावीत. खर्च पेटी-तबल्याचा आणि मूठभर खाऊचा. बक्षिसे नकोत, नंबर नकोत. जो विसरेल त्याच्यासाठी सूर धरून ठेवणारा एक मास्तर तेवढा हवा.

उसाला खोडवा असतो, मंडळी. लहानपणाला नसतो.

— एक सभासद, शाहूवाडी तालुका