अदृश्य वर्ण, संगणकीय
संगणकातील मजकुरात साठविलेली, परंतु पडद्यावर किंवा कागदावर स्वतःचा आकार न उमटविणारी संकेतचिन्हे. मनुष्य शब्दाचा आकार वाचतो. संगणक मात्र शब्दातील संकेतांकांची क्रमवार तुलना करतो. त्यामुळे डेटाबेसमधून पृच्छेद्वारे माहिती मिळविताना, दिसण्यात एकरूप असलेले दोन शब्द अशा वर्णांमुळे भिन्न ठरू शकतात.

धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी असे ८ तालुके आहेत. समजा, तेथील शेतकऱ्यांच्या एखाद्या यादीतून तालुक्यांची भिन्न नावे मागविली आणि ‘तुळजापूर’ हे नाव दोनदा येऊन ९ नावे मिळाली, तर त्यांपैकी एकात अदृश्य वर्ण असण्याचा संभव असतो. अशा यादीतून तुळजापूरच्या नोंदी निवडल्यास काही नोंदी निवडीबाहेर राहतात. यादी अनुदानाची असेल, तर पात्र व्यक्ती वंचित राहते आणि कागदावर चूक कोठेच आढळत नाही. जिल्ह्याचे जुने नाव शोधून त्या जागी नवे घालतानाही सदोष नोंदी अशाच मागे राहतात.

प्रकार : शब्दाच्या मागे-पुढे पडलेले साधे अंतर (संकेतांक ३२), टॅब (९), ओळ बदलण्याची चिन्हे (१० व १३), न तुटणारे अंतर (१६०), शून्य रुंदीचे अंतर (८२०३) आणि धारिकेच्या आरंभी येणारे क्रमदर्शक चिन्ह (६५२७९) हे नेहमी आढळणारे प्रकार होत. दुसऱ्या धारिकेतून मजकूर उचलून घेताना किंवा जुन्या टंकांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना ते नकळत शिरतात.

देवनागरीतील वैशिष्ट्य : युनिकोडमधील शून्य रुंदीचा विभाजक (८२०४) व जोडक (८२०५) हेही अदृश्य आहेत, पण ते नेहमीच निरुपयोगी नसतात. विभाजकाने हलन्त चिन्ह स्पष्ट दाखविता येते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो : ऱ (२३५३) व हलन्त चिन्ह, अथवा र (२३५२), हलन्त चिन्ह व जोडक. दोहोंचे दृश्य रूप सारखेच असते. तथापि युनिकोडची प्रमाण सामान्यीकरण पद्धती त्यांना एकरूप करीत नाही. दुसऱ्या प्रकारातील जोडक सरसकट काढून टाकल्यास ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, म्हणजे डोंगरांतील खोऱ्यांऐवजी समुद्र असा अर्थ होतो. आचारी व आचार्य या शब्दांच्या ‘आचाऱ्यांना’ व ‘आचार्यांना’ या रूपांतही असाच घोटाळा संभवतो.

शोध व शुद्धी : संशयित शब्दाची लांबी मोजणे, हा पहिला उपाय होय. ‘तुळजापूर’ या शब्दात स्वरचिन्हांसह ८ संकेतांक असून यूटीएफ-८ पद्धतीत त्याचे २४ बाइट होतात. शेवटी साधे अंतर असल्यास ते २५, न तुटणारे अंतर असल्यास २६ आणि शून्य रुंदीचे अंतर असल्यास २७ होतात. यानंतर संकेतांक छापून नेमका वर्ण ओळखता येतो. एसक्यूएल भाषेतील ट्रिम हे फलन सामान्यतः फक्त दोन्ही टोकांची साधी अंतरे काढते. टॅब, न तुटणारे अंतर व शब्दाच्या मध्ये असलेले वर्ण तसेच राहतात.

शुद्धीचा क्रम महत्त्वाचा असतो. मूळ माहितीची प्रत राखून ठेवावी लागते. प्रथम र, हलन्त चिन्ह व जोडक या गटाचे ऱ व हलन्त चिन्ह असे रूपांतर करतात. नंतर न तुटणाऱ्या अंतराच्या जागी साधे अंतर घालून टोकांची अंतरे, टॅब, ओळ बदलण्याची चिन्हे व शून्य रुंदीची अंतरे काढतात. उरलेले जोडक व विभाजक शोधाकरिता केलेल्या स्वतंत्र स्तंभातून वगळतात; मूळ स्तंभात मात्र ते कायम ठेवतात. त्यामुळे शोध अचूक होतो आणि व्यक्तींची व गावांची नावे बिघडत नाहीत. हीच तपासणी नोंद करतेवेळी केल्यास पुढील शुद्धीचे श्रम बव्हंशी वाचतात.